कोळंबीचा पासपोर्ट फोटो

"फोटो उत्तम आलाय बाबा," जावई म्हणाला, आणि जरा थांबून, कुणाच्या दारात वाईट बातमी घेऊन उभं राहावं तशा आवाजात पुढे म्हणाला, "पण यात कोणी नाहीये."

फोटोकाकांचं बिस्किट त्या वेळी चहात होतं. बिस्किट चहात किती वेळ धरायचं याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत कागद औषधात बुडवून नेमक्या क्षणी बाहेर काढलेला तो हात होता. पण आज तो हात तसाच राहिला आणि अर्धं बिस्किट कपाच्या तळाशी गेलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. फोटोत कोळंबी होती. चांगली हातभर मोठी करून छापलेली, पाठीवर पांढरा पट्टा, दोन्ही बाजूंना लाल, मिशा अशा लांब आणि एकेक मोजून घ्यावी अशा स्पष्ट. कोणी नाहीये म्हणजे काय? जावई लिफ्टच्या कंपनीत होता. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून हळूहळू बोलायची त्याला सवय होती, आणि घरातही तो सगळ्यांशी तसाच बोलत असे. त्याच सुरात त्याने समजावलं की कोळंबी वाढते तशी तिला अंगावरचं कवच पुरत नाही, मग ती ते मिशांसकट, पायांसकट, अगदी डोळ्यांवरच्या टोप्यांसकट काढून टाकते आणि नवं कवच घट्ट होईपर्यंत दगडाआड लपून बसते. काकांनी ज्याचा फोटो काढला होता ती कोळंबीने टाकलेली कात होती. "मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं," तो म्हणाला. हे त्याने केवळ चांगुलपणाने म्हटलं हे काकांना कळलं आणि त्यामुळे ते जास्तच लागलं.

लागण्याचं कारण असं की गेले दोन दिवस ते याच कोळंबीचं कौतुक सांगत हिंडत होते. दिवाणखान्यातल्या माशांच्या काचेच्या टाकीतल्या एकाही जिवाला फोटोला कसं बसावं याची अक्कल नाही. ते नारिंगी माशांचं जोडपं समुद्रफुलाच्या झुबक्यात सारखं आत-बाहेर करतं, पिवळा मासा काचेजवळ आला की त्याचं नुसतं पिवळं रेघाटं उमटतं, शंख-खेकडा तर भाडेकरूच, आज या शंखात आणि उद्या त्या. पण ही बाई बघा. जिथे बसली तिथे बसली. मिशी तेवढी पाण्याच्या लाटेबरोबर हलते, म्हणजे श्वास घेत असणार. रंग जरा फिका वाटला खरा, पण तो दोष त्यांनी टाकीवरच्या निळ्या दिव्याच्या माथी मारला. काकूंना त्यांनी जेवताना सांगितलंसुद्धा, की माझ्या उभ्या आयुष्यात इतकं शहाणं गिऱ्हाईक मला मिळालं नाही. आता त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या, फोटो हातात घेतला, हात लांब करून पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या सगळ्याच गिऱ्हाइकांत हिचा फोटो सगळ्यांत चांगला आलाय." आणि आत गेल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला दारातून बोलून आत निघून जायची कला साधते.

आता हा फोटो नुसत्या हौसेचा असता तर काकांनी तो हसण्यावारी नेला असता. पण घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. त्यांची मुलगी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर होती आणि रविवारी तिचा स्वतःचा दवाखाना उघडणार होता. तिथे खुर्चीच्या बरोबर समोर सुताराने एक मोठी रिकामी चौकट ठोकून ठेवली होती. त्या चौकटीत तिला घरच्या टाकीतला एकच फोटो हवा होता: कोळंबी माशाचे दात साफ करते तो. खरंच करते ती. टाकीत एक गडद, गोलसर, तोऱ्यात फिरणारा मासा होता, त्याला घरात सगळे हेडमास्तर म्हणत. दिवसातून कधीतरी हे हेडमास्तर कोळंबीच्या दगडासमोर येऊन जरा तिरपे उभे राहत, आ वासत, आणि ती बाई बेधडक त्या तोंडात शिरून दातांच्या फटींतलं वेचून खाई. हे पाहिलं की कुठलंही मूल तोंड उघडायला घाबरणार नाही, असं मुलीचं म्हणणं. स्टुडिओ बंद झाल्यापासून काकांना कोणी काम असं सांगितलंच नव्हतं. लोक आपले फोटो आपणच काढायला लागले, हात लांब करून, ओठांचा चंबू करून, आणि काकांच्या दुकानात आता चपला मिळतात. त्यामुळे मुलीने विचारलं तेव्हा त्यांनी फार विचार करतोय असा चेहरा करून लगेच हो म्हटलं होतं. मुलगी मात्र त्यांना ओळखून होती. "शुक्रवारपर्यंत झालं तर ठीक बाबा, नाहीतर मी तयार चित्र लावते," ती म्हणाली होती, आणि ते तयार चित्र तिने दाखवलंही होतं. एक दात. त्याला हात, पाय, हातात ब्रश, आणि चेहऱ्यावर मोठं हसू. त्या हसण्यात दात दाखवले होते. दाताला दात! काका त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले होते. आपल्या जागी ही वस्तू लागणार, या विचाराने त्यांची दोन रात्री झोप उडाली. आज गुरुवार होता. जाताना मुलगी दारातून आणखी एक बोलली होती, "आणि बाबा, या वेळी तोंड उघडं हवं हं." या वेळी म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

दुपारी घरात सामसूम झाल्यावर त्यांनी पडदे ओढले, दिवे मालवले, टाकीची काच आतून लोहचुंबकाच्या पुसणीने घासली, तिपाईवर कॅमेरा चढवला आणि काळं कापड डोक्यावरून ओढून घेतलं. काचेत स्वतःचं प्रतिबिंब पडू नये म्हणून हा सगळा खटाटोप. फोटोत फोटो काढणारा दिसणं यासारखी दुसरी लाज नाही, हे त्यांच्या गुरूने त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. कापडाखाली उकडत होतं आणि जुन्या चादरीचा वास येत होता. समोर निळसर उजेडात टाकी अशी लखलखत होती, जणू रात्री दुरून दिसणारं एखादं शहर, आणि प्रवाळांची बोटं लाटेबरोबर एका बाजूला झुकत, परत येत, पुन्हा झुकत. त्यांनी लाटेचा पंप थोड्या वेळासाठी बंद केला. सगळी टाकी एकदम गप्प झाली. हलणारं सगळं थांबलं. काकांना फार बरं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतं ते नेहमी असंच, सगळं थांबलं की. स्टुडिओत माणूस स्टुलावर बसला की ते म्हणत, हनुवटी जरा वर. खांदे सैल. हलू नका. तोंड मिटा. या चार वाक्यांवर त्यांचा संसार उभा राहिला होता. दुकानात शिरताना माणसं किती वेगवेगळी असत! कोणी भांडून आलेला, कोणी नोकरीच्या आशेने घामाघूम, कोणी बायकोचा हात धरून, कोणी सारखा खिदळणारा. स्टुलावर बसली, चार वाक्यं ऐकली, की सगळी एकसारखी व्हायची. आणि फोटो घ्यायला परत यायची तेव्हा पाकिटातून काढून बघायची आणि म्हणायची, हा मी आहे? काका म्हणत, तुम्हीच. त्या काळात त्यांना हा प्रश्न गिऱ्हाइकांचा मूर्खपणा वाटे. एकदा एका शिंप्याने तर म्हटलं होतं की फोटो छान आहे, माप बरोबर आहे, फक्त आत माणूस घालायचा राहिलाय. काका त्यावर रागावले होते. आज, कापडाखाली, त्यांना तो शिंपी आठवला आणि त्यांनी मनातल्या मनात त्याला म्हटलं, तुझं खरं होतं बाबा, ये, तूही बस.

पंप फार वेळ बंद ठेवून चालत नाही. त्यांनी तो पुन्हा लावला आणि टाकी पुन्हा हलायला लागली. कोळंबी दगडाच्या कपारीतून फक्त मिशा बाहेर काढून होती. नव्या मिशा. हेडमास्तर दोनदा तिच्या दाराशी येऊन गेले, पण कापडाचा तो काळा ढिगारा आणि त्यातून रोखलेला काचेचा डोळा दिसला की शेपटी वळवून चालते होत, एखाद्याच्या घरी पाहुणे आहेत हे बघून आपण जिन्यातूनच परत फिरावं तसे. काकांचा उजवा जबडा ठणकत होता. हे ते कोणाला सांगत नसत. उजवीकडची मागची दाढ गेल्या हिवाळ्यापासून दुखत होती आणि ते सगळं डावीकडून चावत, बिस्किट बुडवून खात, हसताना गाल आवळून हसत. दातांच्या डॉक्टरच्या घरात राहून दाढ लपवणं हे पोलिसाच्या घरात चोरीचा माल ठेवण्यासारखं होतं, पण इतके दिवस ते जमलं होतं, कारण मुलगी मुलांचे दात बघण्यात गढलेली आणि बापाने आयुष्यभर तोंड मिटायचाच सराव केलेला. भीती दुखण्याची नव्हती. त्या खुर्चीत उताणं पडून, डोळ्यांवर दिवा, आणि आपलं तोंड कोणीतरी उघडायचं, आपण नाही ठरवायचं, याची होती. स्टुडिओत दिवा नेहमी समोरच्याच्या डोळ्यांवर असे.

आणि मग न बोलावता ते दुसरं आठवलं. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी तिचे पुढचे दात पडले. ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. ती आपल्या बापाच्या स्टुलावर चढून बसली आणि हसली तर मधोमध एक मोठी खिडकी. तिला त्या खिडकीचा फार अभिमान होता. त्यातून ती शिट्टी वाजवी, पाण्याची पिचकारी उडवी. काका म्हणाले, तोंड मिट. ती पुन्हा हसली. ते पुन्हा म्हणाले. मग तिने ओठ असे आवळले की डिंक लावून बंद केलेलं पाकीट. तो फोटो फार सुबक आला. पुढच्या वाढदिवसाचाही तसाच आला, आणि त्याच्या पुढचाही, कारण आता ती कॅमेरा दिसला की सांगायच्या आधीच ओठ मिटायची. घरात तिचे इतके फोटो आणि त्या खिडकीचा एकही नाही. काकूंनी तेव्हा म्हटलंही होतं, की तिला एकदा हसू द्या की, मी नंतर रंगवून देईन दात. कारण काकू स्टुडिओत मागच्या टेबलावर बसून बारीक ब्रशाने फोटो दुरुस्त करत. मुरूम पुसत, विस्कटलेले केस बसवत, आणि एकदा तर एका नवऱ्यामुलाने डोळे मिटले होते त्याला त्यांनी दोन टपोरे डोळे काढून दिले, जे त्याच्या मूळ डोळ्यांपेक्षा बरे असल्याने त्या घरातून कोणी तक्रार केली नाही. पण काकांनी ऐकलं नव्हतं. कोणत्या अर्जावर उघड्या तोंडाचा फोटो चालतो, असं विचारलं होतं. ओळखपत्राच्या बाबतीत ते खरंच होतं. वाढदिवसाला कोणता अर्ज भरायचा होता हे त्यांना आज कापडाखाली कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना.

शुक्रवार दुपारपर्यंत त्यांच्याकडे हेडमास्तरांच्या शेपटीचे पुष्कळ फोटो जमले होते. काकू शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन आल्या, टाकीशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी खुशाल दिवा लावला.

"अगं, दिवा! काचेत सगळं दिसतं."

"मला सुई दिसत नाही," काकू म्हणाल्या. "आणि ते कापड आधी काढा. त्या मुक्या जिवाला काय कळणार आत तुम्ही आहात की आणखी कोण. मी त्याच्या जागी असते तर मीही तोंड उघडलं नसतं."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की काकांना उत्तर सुचायच्या आत कापड त्यांच्या डोक्यावरून निघून काकूंच्या मांडीवर घडी होऊन पडलंही होतं. गार वारा मानेला लागला. काचेत एक म्हातारा दिसत होता, केस उभे, कपाळावर कापडाचा वळ. फोटो आता होणार नाही हे त्यांनी मनोमन मान्य केलं. तो ब्रशवाला दात चौकटीत लागला, दवाखान्यात येणारी मुलं त्याच्याकडे बघून रडू लागली, इथवर ते जाऊन पोचले. फक्त कॅमेऱ्याला जोडलेल्या वायरची कळ हातात होती ती तशीच राहिली. काकू सुईत दोरा ओवत होत्या. कोळंबी बाहेर आली. नवी कोरी, ओल्या रंगासारखी लाल, मिशा दोन्हीकडे पसरून, दुकानाची फळी उघडावी तशी. आणि हेडमास्तर आले. जरा घुटमळले. काकांकडे एका डोळ्याने पाहिलं. म्हातारा बसलाय, बसू दे, असं त्यांना वाटलं असावं. ते तिरपे झाले, कोळंबीबाईंनी एक पाय पुढे टाकून त्यांच्या ओठाला हात लावला, पण तोंड काही उघडेना. "आ कर," काका पुटपुटले. "कर ना रे. आ. मोठ्ठा आ." काकू मुलीला भरवायच्या तेव्हा चमचा तिच्या तोंडाशी नेताना स्वतःच आ करायच्या, आणि काका त्यांना हसायचे, की जेवतंय कोण, तू की ती? हेडमास्तरांचा आ उघडला. कोळंबी डोकं खाली घालून आत शिरली, अर्धी आत, अर्धी बाहेर, मिशा दोन्ही गालांवरून मागे फेकलेल्या. कळ दाबली गेली. ती आपण दाबली हे काकांना आवाजावरून कळलं.

फोटो दोघांनी पडद्यावर मोठा करून पाहिला. मासा जरा हलला होता. कोळंबीचे पुढचे पाय पुसट होते, कारण ते काम करत होते. आणि त्या दोघांच्या मागे, काचेत, माशाच्या तोंडाच्या वर बरोबर तेवढंच दुसरं तोंड होतं. डोळे बारीक, भुवया वर, आणि जबडा असा सताड उघडा की पडजीभ दिसावी. चुकांची अशी रास त्यांच्या हातून एका फोटोत कधी पडली नव्हती. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांच्या खांद्यांना हळूहळू हसू फुटलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही.

"पुसून देऊ का तुम्हाला?" शेवटी त्यांनी विचारलं. "मागचं सगळं काळं करून टाकते, कोणाला कळणार नाही."

काका त्या म्हाताऱ्याकडे बघत होते. हा मी आहे? "राहू दे," ते म्हणाले. "त्याला पुसलं तर मासा कशाला तोंड उघडेल?"

मुलीने संध्याकाळी तो पाहिला. काकांनी आधीच सांगून ठेवलं की उजेड चुकलाय, मासा हललाय, कोपरा कापला गेलाय, आणि काचेत कोणीतरी आलंय, तेव्हा तू आपला तुझा तो दात लाव. ती फोटो घेऊन खिडकीशी गेली आणि पाठ करून तो उजेडात धरून पाहिला. काकांना वाटलं, आता ती लिफ्टवाल्यासारखं हळू बोलेल. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा डॉक्टरचा होता. "हाच लावते," ती म्हणाली, आणि मग त्या दुसऱ्या तोंडावर बोट ठेवून, "बाबा, ही उजवीकडची दाढ कधीपासून अशी आहे?"

चोरीचा माल असा सापडला. काका म्हणाले सावली आहे. काकू म्हणाल्या सावली बिस्किट बुडवून खात नाही. जावई कोचावरून म्हणाला की घाबरू नका बाबा, दार आतून नाही, बाहेरून उघडतं.

रविवारी दवाखान्यात समारंभ असा काही झालाच नाही. शेजारच्या दोन-चार मुलांना फोटोतल्या म्हाताऱ्यासारखा आ करण्याची पैज सुचली आणि त्यात मोठी माणसंही पडली. सगळी पांगल्यावर मुलीने दार लावलं, हातमोजे चढवले आणि बापाला लहान मुलांच्या त्या खुर्चीत बसवलं. खुर्ची बुटकी होती, त्यांचे पाय पुढे लोंबत होते. समोर चौकटीत ते स्वतः होते, माशाच्या वर, आ वासून, सगळ्या जगासमोर. डोळ्यांवर दिवा आला आणि चौकट दिसेनाशी झाली. उजेडापलीकडून आवाज आला, अगदी शांत, रोज शंभर वेळा बोलून गुळगुळीत झालेला.

"हनुवटी जरा वर. खांदे सैल. हलू नका."

काका दचकले, कारण हे शब्द त्यांचे होते. लहानपणी ती स्टुडिओतल्या मागच्या टेबलाखाली खेळत बसायची, तिथे ऐकून पाठ झालेले. चौथं वाक्य यायचं राहिलं होतं आणि त्यांनी सवयीने ओठ आवळून घेतले, डिंक लावल्यासारखे.

"आ," मुलगी म्हणाली.

त्यांनी दिव्याच्या कडेने वर पाहिलं. तिच्या तोंडावर पांढरा मास्क होता, डोळे तेवढे दिसत होते. "बाबा, आ," ती पुन्हा म्हणाली, आणि मास्कचं कापड मधोमध हळूच ताणलं गेलं, खाली सरकलं. आत तिनेही तोंड उघडलं होतं. कॅमेरा कुठे आहे, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि मोठा आ केला.